गिटारच्या तोंडाला बूच

गाणं जी स्केलमधलं होतं, म्हणजे दर दोन ओळींनी जी कॉर्ड येणार हे ठरलेलं. आणि ती आली रे आली की गिटार पोटाशी थरथरायला लागायची. आधी ते बरगडीला जाणवायचं, मग कानाला. एक जाड, लांबलचक ‘हूं’, तारा तळहाताने दाबल्या तरी लगेच न थांबणारा. गाणारी मैत्रीण माझ्याकडे बघतेय, मी साउंडवाल्या दादांकडे बघतेय आणि दादा मिक्सरकडे. “ताई, गिटार घुमतेय हो,” ते माइकवरून म्हणाले, म्हणजे सगळ्यांनाच कळलं. मग त्यांनी माझा बेस कापला. हूं गेला, पण गिटारचा अर्धा जीवही त्याच्याबरोबर गेला. उरलेला कार्यक्रम मी पत्र्याचा डबा वाजवावा तसा वाजवला.

फीडबॅक म्हणजे काय हे मला माहीत होतं. मॉनिटरमधून, म्हणजे स्टेजवर आमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, गिटारचा आवाज येतो, तो भोकातून गिटारच्या पोकळ पेटीत शिरतो, आतली हवा हलते, हवेबरोबर वरची फळी हलते, तारा जिच्यावर टेकतात त्या सॅडलच्या पट्टीखालचा पिझो पिकअप, म्हणजे दाब पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारी पट्टी, ते हलणं उचलून परत मॉनिटरला पाठवतो, आणि चक्र सुरू होतं. पण मग फक्त जीलाच का? ए वाजवताना, डी वाजवताना सगळं ठीक कसं? हे कोडं सुटलं ते घरी, एकही वायर न जोडता.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठरावीक स्वर येतो. गिटार ही तशीच एक मोठी, फुगीर बाटली आहे. पेटी आणि भोक यांच्या मापावरून तिचा स्वतःचा एक स्वर ठरतो आणि तारा कशाही लावल्या तरी तो फारसा हलत नाही. मोठ्या पेटीच्या गिटारमध्ये तो साधारण 100 हर्ट्झच्या आगेमागे असतो. माझ्या गिटारचा शोधायचा तर कुणीतरी भोकात खर्जात गुणगुणायला हवं होतं आणि माझा आवाज तितका खाली जात नाही. आमच्याबरोबर काहोन, म्हणजे बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका, वाजवणाऱ्या मित्राचा जातो. तो बिचारा गुडघ्यावर बसून गिटारच्या भोकाला तोंड लावून खालून वर हळूहळू ‘हूं’ करत गेला. एका जागी पाठीमागची फळी माझ्या तळहाताखाली शहारली. ट्यूनरवर पाहिलं: जी, 98 हर्ट्झ. सहाव्या तारेचा तिसरा पडदा. म्हणजे जी कॉर्डचा सगळ्यात खालचा स्वर. मी दर दोन ओळींनी त्या बाटलीला तिचा आवडता स्वर ऐकवत होते, मग ती गप्प कशी बसणार?

हे कळल्यावर उपाय उघड होता. बाटलीचं तोंड बंद करायचं.

तयार झाकणं मिळतात हे मला ऐकून माहीत होतं, पण आधी घरच्या घरी करून बघू असं ठरवलं. तो काळ मी लवकर उरकते. पुठ्ठा कापून कागदी टेपने चिकटवला, आवाज बदलला, पण टेप काढल्यावर रोझेटवर, म्हणजे भोकाभोवतीच्या नक्षीवर, चिकट धूसर पट्टा राहिला आणि तो पुसण्यात एक संध्याकाळ गेली. मग फोमचा गोल तुकडा कोंबला. तो सरावात तासभर टिकला आणि एका जोरदार स्ट्रमिंगमध्ये टुपकन आत पडला. आत पडलेलं प्लेक्ट्रम काढायला गिटार उलटी करून हलवायची कला प्रत्येक गिटारवाल्याला येते. फोम तसा निघत नाही, हे मात्र त्या दिवशी कळलं.

मग रबराचं झाकण मागवलं आणि पहिल्याच फटक्यात चुकले. मी फूटपट्टी तारांवरून आडवी धरून माप घेतलं होतं. तारा फळीपासून एक-सव्वा सेंटिमीटर वर असतात, डोळा जरा तिरका झाला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. बहुतेक ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या पेटीच्या, गिटारचं भोक 4 इंचांच्या, म्हणजे सुमारे 102 मिलिमीटरच्या आसपास असतं, क्लासिकलचं बरंच लहान. पण ‘आसपास’वर विसंबू नका. तारा सैल करून, व्हर्नियर कॅलिपर भोकात उतरवून, उभं आणि आडवं अशी दोन मापं घ्या. मी दुसऱ्यांदा तसंच केलं.

व्यासाइतकीच कडेची जाडीही महत्त्वाची असते, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं. रबरी झाकणाच्या कडेला चहूबाजूंनी एक खाच असते, तिच्यात फळीची कड जाऊन बसते. फळी जेमतेम तीन मिलिमीटरची, पण पुष्कळ गिटारमध्ये भोकाच्या आतल्या बाजूने आधाराची पट्टी चिकटवलेली असते आणि तिथे जाडी दुप्पट होते. अशा ठिकाणी झाकणाची आतली ओठी नीट पसरत नाही. बोट आत घालून कडेवरून फिरवलं तर ते लगेच समजतं. तसंच फिंगरबोर्डचं टोक भोकाच्या कडेपर्यंत आलेलं असेल तर झाकणाची वरची कड तिथे अडते. आणि आवाज कमी-जास्त करायचं चाक भोकाच्या ओठाशी बसवलेलं असेल, तर त्याच्यासाठी खाच असलेलं झाकण घ्यावं लागतं. माझं चाक सुदैवाने पेटीच्या कडेला आहे.

बसवायला तारा काढाव्या लागत नाहीत. झाकण आडवं धरून बारीक तारांच्या बाजूने तारांखाली सरकवायचं. मानेकडची कड आधी खाचेत बसवायची आणि मग तारांच्या मधून अंगठ्याने गोल फिरत दाबत यायचं. पहिल्यांदा मला दहा मिनिटं लागली, आता अर्धं मिनिट. काढताना बोट कडेखाली घालून सावकाश उचलायचं. स्क्रू ड्रायव्हरला तिथे काही काम नाही, कितीही घाई असली तरी.

बसवलं आणि वायर न जोडता एक कॉर्ड वाजवली. अरे देवा! गिटार कपाटात ठेवून दार लावून घेतल्यासारखी वाजत होती. खालचा घुमार नाहीसा, मधला आवाज नाकातला, उरली ती तारांची खणखण. फळीवर टिचकी मारली तर आधी ‘धुम’ यायचं, आता ‘टक’. बाटलीचा स्वर खरंच गेला होता, पण त्या स्वरावरच गिटारचा भरदारपणा उभा होता हे तो गेल्यावर उमगलं. घरी बसून, माइकशिवाय वाजवणाऱ्याने हे झाकण लावू नये. माझं हे मत आजही कायम आहे.

वायर जोडल्यावर चित्र वेगळं होतं. पिझो पिकअप सॅडलखाली तारांचा दाब थेट पकडतो, त्याला पेटीतल्या हवेची फारशी गरज नसते. आवाज थोडा कोरडा झाला, पण जी कॉर्ड वाजवली आणि ती निमूट वाजली. पुढच्या कार्यक्रमात साउंडवाल्या दादांना मी आधीच सांगितलं की या वेळी बेस कापू नका, उलट 100 हर्ट्झच्या आसपास थोडा परत द्या. त्यांनी दिला. पहिल्यांदाच मला स्टेजवर माझी गिटार माझ्यासारखी ऐकू आली. (पेटीच्या आत माइक बसवलेला असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही. झाकण लावलं की तो माइक बंद खोलीत कोंडल्यासारखा होतो. आणि भोकात आडवा बसणारा मॅग्नेटिक पिकअप असेल तर झाकणाला जागाच नाही.)

मी खूश झाले आणि आवाज वाढवून मागितला. तिथे दुसरं दार उघडलं. या वेळी हूं नव्हता, त्याहून वरचा, लाकडी ‘ऊं’ होता. तोही जीच, पण एक सप्तक वर, 196 हर्ट्झच्या जवळ. खुली तिसरी तार! हा हवेचा नव्हे, फळीचा स्वतःचा स्वर. तो भोक बंद केल्याने जात नाही. त्यासाठी पिकअपचा सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपवरचा नॉच फिल्टर, म्हणजे एकच ठरावीक स्वर कापणारा फिल्टर, वापरावा लागला. त्याचं बटण हळूहळू फिरवत ‘ऊं’ जिथे पडतो तिथे थांबायचं. लहर उलटी करणारं फेजचं बटणही दाबून पाहिलं, कधी उपयोग होतो, कधी उलटंच होतं, कारण तो खेळ मॉनिटर किती लांब आहे यावर चालतो. 98 हर्ट्झची लहर साडेतीन मीटर लांब असते. दोन पावलं मागे सरकलं तरी गणित बदलतं. झाकण सगळं मिटवेल अशी माझी समजूत होती, ती अशी मिटली.

याच सुमारास एक लाज वाटण्यासारखी गोष्ट घडली. एका मैत्रिणीला कार्यक्रमासाठी मी माझं झाकण दिलं. तिची गिटार जुनी, नायट्रोसेल्युलोज लॅकरची, म्हणजे त्या जुन्या पद्धतीच्या नाजूक पॉलिशची. कार्यक्रमानंतर तिने झाकण काढलं नाही, गिटार तशीच केसमध्ये तीन आठवडे. काढलं तेव्हा भोकाभोवती निस्तेज कडं उमटलेलं. रबरातली रसायनं या लॅकरला मऊ करतात. रबरी पॅडच्या स्टँडबद्दल हे मी वाचलं होतं, पण झाकण देताना डोक्यात आलं नाही. माझ्या गिटारला पॉलियुरेथेनचा थर आहे, त्यामुळे माझं कधी काही बिघडलं नव्हतं. पॉलिश करून कडं फिकट झालं, गेलं नाही. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून कार्यक्रम संपला की झाकण आधी निघतं, केस नंतर उघडते.

मला मात्र अजून एक गोष्ट खुपत होती. कार्यक्रमाच्या आधी ग्रीनरूममध्ये आम्ही वायरशिवाय सराव करतो, आणि झाकण लावून ते ऐकवत नाही. पूर्ण बंद आणि पूर्ण उघडं यांच्या मधलं काही असेल का? बाटलीचं तोंड अरुंद केलं तर तिचा स्वर उतरतो, हे तर माहीत होतं. भोकाचा व्यास निम्मा केला तर स्वर साधारण सात दशांश होतो. माझ्या 98चे जवळजवळ 69 हर्ट्झ झाले असते, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या 82 हर्ट्झच्याही खाली. तिथे गिटारचा एकही मूळ स्वर नाही, त्यामुळे बाटलीला चिथवायला कुणी उरत नाही. स्पेनमधल्या अंतोनियो दे तोरेस या गिटार बनवणाऱ्या कारागिराने 1856 मध्ये ‘ला लिओना’ नावाच्या गिटारच्या भोकात आतून एक नळी बसवली होती, तिला तोर्नावोस म्हणतात. तिनेही पेटीचा स्वर खाली जातो. त्याच्यासमोर अर्थातच मॉनिटर नव्हता. पण हे वाचून मला धीर आला.

तीन मिलिमीटरच्या प्लायवूडचं 112 मिलिमीटरचं चाक कापलं, मधोमध 51 मिलिमीटरचं भोक पाडलं, खाली दोन छोट्या आडव्या पट्ट्या स्क्रूने अशा बसवल्या की वरून फिरवल्या की त्या फळीच्या कडेखाली जातात. बसलं छान. वाजवलं आणि बी स्वरावर ‘झर्र’. लाकडावर लाकूड थरथरत होतं. चाकाखाली फेल्टचं कडं चिकटवलं, पट्ट्यांवरही फेल्ट लावलं. झर्र गेलं. पट्ट्या मात्र फार आवळायच्या नाहीत, शेवटी ती फळी आहे, टेबल नव्हे.

मित्राला पुन्हा गुडघ्यावर बसवलं. या वेळी तो खाली खाली गेला, त्याचाही खर्ज संपला, तरी फळी शहारली नाही. हिशोबातला 69 खरंच गाठला की नाही हे काही मला मोजता आलं नाही, पण 98 वर आता काही होत नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं. वायरशिवायचा आवाज उघड्या भोकाइतका भरदार नाही, पण कपाटाचं दार किलकिलं झाल्यासारखा तरी आहे. छोट्या जागी मी हेच लावते. मोठ्या स्टेजवर, ड्रम्स शेजारी असताना, अजूनही रबराचं पूर्ण बूच. आणि चार-पाच जणांत बसून वाजवायचं असेल तेव्हा काहीच नाही.

रबराच्या बुचाचा एक फायदा मला फार आवडायचा, तो म्हणजे प्लेक्ट्रम आत पडत नाही. लाकडी चाकाला मात्र मध्ये भोक आहे. परवा त्यातून प्लेक्ट्रम आत गेलं, आणि गिटार उलटी करून कितीही हलवली तरी ते त्या 51 मिलिमीटरमधून बाहेर येईना. शेवटी पट्ट्या सोडवल्या, चाक काढलं, तेव्हा तीन प्लेक्ट्रमं निघाली.