एफ कॉर्ड आणि २ मिलिमीटर

गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत मला गिटारवरची एफ कॉर्ड येत नव्हती. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर. गिटार हातात घेऊन तेव्हा ४ वर्षं झाली होती. एफसाठी तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबली की पहिली आणि दुसरी तार हमखास मुकी राहायची. जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, आणि तरी आवाज निघायचा तो ठप्प.

मी वेंगुर्ल्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परिपाठाला आणि शनिवारच्या तासाला मुलांकडून गाणी म्हणून घेते, साथीला गिटार. एफ टाळायची म्हणून मी गाण्याची पट्टीच बदलायचे. म्हणजे पाचवीतल्या पोरांच्या गळ्याला जी पट्टी सहज, ती सोडून माझ्या बोटांना जी जमेल ती. मुलं ताणून ताणून वरचा सूर गाठायची. ते मला दिसत होतं आणि खुपतही होतं, पण वाटायचं, माझीच बोटं आखूड, माझाच रियाज कमी.

त्याहून जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे गिटार शिकायला येऊ लागली होती. कान चांगला होता तिचा, सूर ऐकला की लगेच तार शोधायची. तिसऱ्या आठवड्यात तिने डाव्या हाताची बोटं पुढे केली. टोकांवर तारेच्या खोल रेषा उमटलेल्या, एका बोटाला फोड. मी म्हटलं, "सुरुवातीला दुखणारच, सहन कर, घट्टे पडले की जाईल." मलाही असंच सांगितलेलं होतं. ती आणखी ४ दिवस आली, मग यायची थांबली. आता ती कुडाळला शिकते. सुरुवातीला बोटं थोडी दुखतात हे खरंच आहे, पण तिची दुखत होती ती त्यामुळे नव्हे. हे मला नंतर कळलं.

माझ्या गिटारच्या तारा मानेपासून नको तितक्या उंच आहेत हे कोणालाच खटकलं नाही याला आमच्याकडे एक कारण आहे. आमच्या भागातले एक जुने वादक लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ती मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी दांडी फिरवतात. दांडी मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे फ्रेटना, घासू नये म्हणून तिच्या तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात. त्यांनी माझी गिटार बघितली आणि "बरोबर आहे" म्हणाले. त्यांच्या वाद्याच्या हिशेबाने बरोबरच होतं ते.

शेवटी वाट दाखवली आबांनी. माझे वडील भजनात पखवाज वाजवतात. वय ७८, पण भजनाच्या आधी पाऊण तास वाद्याशी. डाव्या पुडीला कणीक लावायची, थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. एका संध्याकाळी मी ओटीवर एफशी झटापट करत होते. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "पखवाज लावल्याशिवाय आमी कदी भजनाक बसलंव? तुजी ती गिटार लावन घे आदी." मी म्हटलं, आबा, सुरात लावलेली आहे, हा बघा ट्यूनर. ते म्हणाले, सुराचं नाही म्हणत मी, हाताला लागलेली नाही ती.

वाद्य हाताला लागणं. गिटारवाले ज्याला सेटअप म्हणतात, त्याला याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

मेच्या सुट्टीत सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत म्हापशाला गेले. ओळखीतून एका कारागिराचा पत्ता मिळाला होता. घराच्या मागच्या पडवीत त्याचं काम चालतं. शुक्रवार होता, बाजाराच्या गर्दीतून गिटार डोक्यावर धरून चालत पोचले. त्याने गिटार पिशवीतून काढली, नळीतून बघावं तशी डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाला, "बाय, ह्यो तारो खूब वयर आसात." तो कोकणी बोलत होता, मी मालवणी. कुठे अडलं नाही.

मग त्याने स्टीलची पट्टी घेतली आणि बाराव्या फ्रेटवर उभी धरली. फ्रेटचा माथा ते तारेची खालची कड. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ३.८ मिलिमीटर. पहिली ३.१. त्याचं म्हणणं, अशा गिटारला जाड तार २.४ च्या आसपास आणि बारीक तार १.८ ते २ असली की हात मोकळा चालतो. जोरात झोडपणाऱ्याला थोडं जास्त ठेवतात, नाहीतर तारा फ्रेटवर खरखरतात.

मला वाटलं होतं, आता तो मानेतला रॉड पिळेल आणि काम संपेल. इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. ट्रस रॉड तारांची उंची ठरवण्यासाठी नसतोच, हे त्याने मला नीट समजावलं. गिटारच्या ६ तारा मिळून मानेला साधारण ७० ते ७५ किलोच्या जोराने ओढत असतात, म्हणजे सिमेंटच्या दीड पोत्याचा भार. त्याने मान पुढे वाकते. आतला पोलादी रॉड तिला मागे खेचून धरतो. पण मान अगदी सरळही नको, कारण तार मधोमध जास्त हेलकावते, तिला किंचित जागा लागते. त्याने पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, चौदाव्या फ्रेटवर बोट दाबलं आणि सातव्यापाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवलं. एक गेलं, दुसरंही गेलं. ॲलन की पाव फेरा फिरवली, थांबला, पुन्हा सुरात लावली, पुन्हा कार्ड. आता एकच जेमतेम जात होतं. "एका वेळी पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही," म्हणाला, "लाकडाला कळायला वेळ लागतो."

पुढचं काम मी आयुष्यभर विसरणार नाही. खुंट्यांच्या बाजूला खाचा असलेली जी पांढरी पट्टी असते तिला नट म्हणतात. माझ्या गिटारच्या नटाच्या खाचा कारखान्यातून उथळच आलेल्या. त्याने तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली आणि मला म्हणाला, पहिल्या फ्रेटवर बघ. तिथे तार आणि धातू यांच्यात भरपूर उजेड दिसत होता. केसाएवढी फट असायला हवी. एफ कॉर्ड नेमकी पहिल्या फ्रेटवर पडते, नटाला चिकटून. तिथे तार उंच असली की ती दाबायला सगळ्यात जास्त ताकद लागते. आणि इतकी खाली दाबली की तार ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक, तरी माझी सी कॉर्ड नेहमी थोडी आंबट का लागायची, मुलं त्या कॉर्डवर सूर सोडून का हलायची, याचं उत्तर त्या फटीत होतं. ४ वर्षं मी मुलांना सांगत होते, नीट ऐका. ती नीटच ऐकत होती.

प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस. खाच खुंट्यांकडे किंचित उतरती. दोनतीनदा घासायचं, तार परत बसवायची, सुरात लावायची, बघायचं. एकदा जास्त घासलं गेलं तर तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग खाच भरून काढावी लागते. ६ तारांना त्याने सव्वा तास घेतला. मधे चहा आला, तो निवला.

शेवटी सॅडल, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजवरची पट्टी. माझी प्लास्टिकची आणि आतून पोकळ होती, ती काढून त्याने हाडाची बसवली. इथला हिशेब मला फार आवडला. रॉड आणि नट यांच्यामुळे जाड तार ३.८ वरून ३.४ वर आली होती. हवी होती २.४, म्हणजे १ मिलिमीटर खाली. पण बारावा फ्रेट बरोबर तारेच्या मध्यावर येतो. तिथे १ कमी करायचा तर टोकाला २ कमी करावे लागतात. त्याने पेन्सिलीने रेघ मारली, काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर सॅडलची बूड घासायला घेतली. वरचा गोलवा तसाच ठेवून खालून. हाड घासताना दातांच्या दवाखान्यात येतो तसा वास येतो. पांढरी भुकटी त्याच्या मनगटावरच्या घामाला चिकटत होती. दर १०-१२ हातांनी तो गुण्या लावून बूड काटकोनात आहे का बघायचा, कारण ती तिरकी झाली तर सॅडल ब्रिजच्या लाकडाला पूर्ण टेकत नाही आणि आवाज दबतो. तानपुऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवताना, मिरजेचे कारागीर असेच झुकून बसतात. वाद्य वेगळं, पण सूर दोन्हीकडे त्या काही मिलिमीटर हाडावरच ठरतो.

तारांचा संचही त्याने १२ नंबरवरून ११ वर, म्हणजे जरा बारीक तारांवर, आणला. मग गिटार माझ्या हातात दिली आणि स्वतः हात धुवायला गेला.

मी एफ धरली. सहाही तारा वाजल्या. मी पुन्हा वाजवली, मग बोटं सैल करून अर्ध्या जोराने वाजवली. वाजली. मला रडू आलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं. त्या मुलीची बोटं डोळ्यासमोर आली.

मजुरी, हाडाची सॅडल आणि तारा धरून २,२०० रुपये झाले. गिटार ७,००० ची. एवढ्या स्वस्त गिटारवर इतका खर्च कशाला, असं मला दोघांनी विचारलं. माझं मत अगदी उलट आहे. महाग गिटार निदान बरी लागून येते, स्वस्त गिटारलाच या कामाची खरी गरज असते, आणि शिकणाऱ्याच्या हातात तीच असते.

निघताना त्याने विचारलं, घर समुद्रापासून किती लांब? मी म्हटलं, गाज ऐकू येते. त्यावर त्याने एक दुसरी सॅडल घासली, पहिलीपेक्षा थोडी बुटकी, आणि कागदात गुंडाळून दिली. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, गिटारचं पोट फुगतं, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा पुन्हा उंच होतात. तेव्हा ही लाव, म्हणाला, आणि दिवाळीनंतर पहिली परत. गिटार उघड्यावर टांगू नको, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम केले की पुन्हा निळे. आणि उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवायची नाही, ब्रिजचा गोंद सुटतो. तारा वाजवून झाल्या की कोरड्या फडक्याने पुसायच्या. खाऱ्या हवेत आमच्याकडे दाराच्या कड्या टिकत नाहीत, तारा कुठून टिकणार?

मृगाला मी पट्टी लावून बघितली, २.४. जुलैच्या मध्यावर २.८. बोटांना ते पट्टीच्या आधी कळलं होतं. त्या रात्री धो धो पाऊस, वीज गेलेली. आबांनी बॅटरी धरली आणि मी तारा सैल करून सॅडल बदलली. जुनी कागदात गुंडाळून वर "उन्हाळा" लिहिलं आणि कपाटात ठेवली.

यंदा सहावीतल्या एका मुलाला मुंबईच्या मामाने गिटार पाठवली आहे. काल तो ती शाळेत घेऊन आला. मी आधी पट्टी काढली. जाड तार ३.५. त्याला म्हटलं, आजपासून मधल्या सुट्टीत माझ्या गिटारवर शीक, तुझी आपण सुट्टीत म्हापशाला नेऊ. त्याच्या आईला संध्याकाळी फोन केला.