तुम्ही विचारलंत म्हणून: अडेल घोड्याला दोरीची मोहरकी लावावी का?

घोडा ओढून नेतो, हात लावू देत नाही, ट्रेलरसमोर, म्हणजे घोडा वाहून न्यायच्या गाडीसमोर, आला की खांबासारखा उभा राहतो. मग मोहरकीबद्दल, म्हणजे घोड्याला दोर लावून न्यायला त्याच्या डोक्यावर चढवतात त्या साजाबद्दल, मला विचारणा होते, ‘‘दोरीची मोहरकी लावू का? की ती दाबाची, आवळणारी असते ती घेऊ?’’ याला हो-नाहीत उत्तर देता येत नाही. ते घोड्यागणिक बदलतं आणि दोर धरणाऱ्या माणसागणिक तर त्याहून जास्त. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

नेहमीच्या नायलॉनच्या किंवा चामड्याच्या मोहरकीचा पट्टा साधारण 25 मिलिमीटर रुंद असतो. घोड्याने मान ताठ करून ओढ घेतली की जोर त्या रुंदीवर पसरतो आणि त्याला रेटायला चांगला आधारच मिळतो. दोरीची मोहरकी 6 ते 8 मिलिमीटरच्या दोरीची, नुसत्या गाठींवर उभी. कडी नाही, बक्कल नाही. तेवढाच जोर आता तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या जागेवर येतो. शिवाय काही मोहरक्यांना नाकावर दोन किंवा चार जादा गाठी असतात, त्या नाकाडाच्या दोन्ही अंगांना टेकतात. दोरी जितकी बारीक आणि ताठ, तितकी ती बोचरी. हाताला मऊ लागणारी, किंचित जाड दोरीही मिळते. नवख्या माणसाने तीच घ्यावी.

दाबाच्या मोहरकीत नाकाभोवती कड्यांतून सरकणारी एक जास्तीची दोरी असते. दोर ताणला की ती आवळते, ढिला सोडला की सैल पडते; निदान पडायला हवी. काही प्रकारांत कानांमागे माथ्यावर धातूची बोथट टोकं येतात. ती मी कुणालाही सुचवत नाही.

कुठलीही मोहरकी लावली तरी ती बसते कुठे, हे बोटांनी चाचपून बघा. गालाच्या हाडाची धार जिथे संपते तिथून दोनेक बोटं खाली नाकपट्टी यावी. त्याहून खाली घसरली की नाकाडाचं हाड निमुळतं, पातळ होत जातं आणि पुढे नुसती कूर्चा असते. तिथे जोराचा हिसका बसला तर हाड मोडू शकतं. गालावर चेहऱ्याची मज्जातंतू कातडीच्या अगदी लगत धावते. भूल देऊन आडव्या केलेल्या घोड्याची मोहरकी काढून ठेवतात ती याचसाठी, नाहीतर एखाद्या कडीच्या दाबाने त्याचा ओठ आणि नाकपुडी एका बाजूने लुळी पडू शकते. दोरीची गाठही नीट शिकून घ्या. माथ्यावरून आलेल्या दोरीचं टोक गालाजवळच्या फाशातून वर काढायचं, फाशाच्याच खालच्या अंगाला वेढा देऊन आवळायचं आणि उरलेलं टोक मागे, डोळ्यापासून लांब राहील असं बघायचं. गाठ फाशाच्या वर मारली तर ताण आल्यावर ती अशी गच्च बसते की ऐन घाईत सुटत नाही.

आता मुद्द्याचं. घोडा दाबाने शिकत नाही, दाब गेल्याने शिकतो. दोर किंचित ताणला, घोड्याने पाऊल टाकलं आणि त्याच क्षणी दोर ढिला झाला, तर त्याच्या डोक्यात ‘पाऊल टाकलं की सुटका’ अशी सांगड बसते. ढिल द्यायला दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर त्याने डोकं वर फेकलेलं असतं आणि तुम्ही बक्षीस त्याचं दिलेलं असतं. दाब सोडलाच नाही तर तो सोसायला शिकतो, आणि मग लोक त्याहून कडक मोहरकी शोधायला निघतात. ज्याला साध्या पट्ट्यावर वेळेत ढिल देता येत नाही, त्याच्या हातात बारीक दोरी देणं मला जोखमीचं वाटतं. तिथे घोड्याआधी माणसाला शिकवणी लावावी.

ट्रेलरच्या फळीसमोर अडलेला घोडा नीट बघा. समोर उभं राहून सरळ ओढाल तर चारशे-पाचशे किलोचं जनावर मागे रेटणारच, आणि त्या खेचाखेचीत माणूस जिंकत नाही. खांद्याच्या बाजूला उभं राहा, दोर जरा तिरपा, हलका ताणून तसाच धरा. हिसके नकोत. आधी कान हलतो. मग पुढच्या पायावरचा भार जेमतेम इकडचा तिकडे होतो, खूर उचललेलाही नसतो. ढिल द्यायची ती तिथे. पाऊल पडायची वाट बघणारे तिथेच चुकतात. हे जमलं की दोरीच्या मोहरकीचा खरा फायदा कळतो: ती चटकन सैल पडते, आणि बोटभर हालचालही घोड्याला स्पष्ट कळते. मग बहुतेक वेळा साध्या पट्ट्यावरही तेच काम होतं. म्हणजे यात मोहरकीचा वाटा किती, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

दाबाच्या मोहरकीबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकी प्रशिक्षक माँटी रॉबर्ट्स यांची ‘ड्युअली’ ही मोहरकी बरीच प्रसिद्ध आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ती आधी कधी न घातलेल्या घोड्यांना अनोळखी अडथळ्यांवरून नेलं; एकदा दोर दाबाच्या कडीला लावून, एकदा साध्या कडीला. दाब असताना घोडे जास्त ऐकत होते असं दिसलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर अस्वस्थता जास्त दिसली. या घोड्यांना त्या मोहरकीची आधी शिकवणी दिलेली नव्हती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पण विकत आणून थेट ट्रेलरसमोर लावणारेही नेमकं हेच करतात ना!

तो चेहरा तुम्हालाही वाचता येईल. कान ताठ होऊन मागे वळतात, डोळा आवळला जातो, डोळ्यावरचा भाग ताणलेला दिसतो, चावण्याचे स्नायू वर येतात, हनुवटी घट्ट होते, नाकपुड्या ताणतात. यातलं बरंच काही एकदम दिसू लागलं तर धडा थांबवा.

मागच्या पायांवर उभा राहणारा घोडा असेल तर मी आवळणारं काहीही हातात घेत नाही. माथ्यावर आणि नाकावर दाब आला की काही घोडे पुढे यायचं सोडून वर उठतात, आणि तोल जाऊन मागे कोसळलेल्या घोड्याचं माथ्यावर आपटणं जिवावर बेतू शकतं. असा घोडा जाणत्या माणसाकडेच द्यावा. हातमोजे आणि हेल्मेट सगळ्यांनीच वापरावं. दोर साडेतीन-चार मीटर लांब असावा, म्हणजे बाजूला सरायला जागा राहते. हाताला वेढे घेऊन तर कधीच धरू नये.

आणि दोरीच्या किंवा दाबाच्या मोहरकीने घोडा बांधून ठेवू नका, ती तशीच ठेवून ट्रेलरमधून प्रवासाला नेऊ नका, चरायला सोडू नका. ती तुटत नाही. पाय अडकला किंवा घोडा दचकून मागे हटला की दाब वाढतच जातो आणि तो सोडणारं तिथे कुणी नसतं. बांधायला पट्ट्याचीच मोहरकी, तीही जोर आल्यावर तुटेल अशा सुतळीच्या फाशाला.

हे सगळं मी सहसा दुसऱ्या भेटीत सांगते. पहिल्या भेटीत विचारते ते एवढंच: दात कधी तपासले होते, पाठ दाबून बघितली का, खुरांत दुखणं आहे का, दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं का, आणि तो अडतो ते रोज की हल्लीच? कालपर्यंत गुमान चालणारा घोडा आज अडायला लागला असेल, तर मोहरकीचे पैसे राखून ठेवा आणि पशुवैद्याला बोलवा. तपासणीत काही निघालं नाही, तर मला पुन्हा विचारा. तेव्हा दोरी किती जाड घ्यायची ते सांगेन.