अ‍ॅश्विन स्ट्रीटवरची मैफल

कॅफे ओटोमध्ये रंगमंच नाही. वादक श्रोत्यांच्याच पातळीवर, जमिनीवर उभे राहतात, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर ते केबलच्या गुंत्यात अडकतील इतकेच काय ते दोघांमधले अंतर. लंडनच्या हॅकनी भागात, डाल्स्टन जंक्शन स्टेशनाच्या समोरच अ‍ॅश्विन स्ट्रीट नावाची आखूड गल्ली आहे. तिथे २००८ मध्ये हॅमिश डनबर आणि केइको यामामोतो यांनी ही जागा सुरू केली. दिवसा इथे लोक कॉफी घेत निवांत बसलेले असतात. संध्याकाळी टेबले भिंतीकडे सरकतात, खुर्च्या मांडल्या जातात आणि त्याच खोलीत प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक आणि उत्स्फूर्त, म्हणजे आधी काहीही न ठरवता वाजवलेल्या, संगीताच्या मैफली होतात. लंडनला जायचे ठरले तेव्हाच एक संध्याकाळ मी या खोलीसाठी राखून ठेवली होती.

दुपारी लवकर पोहोचल्यामुळे रिडली रोडच्या बाजारातून फिरता आले. रताळी, कच्ची केळी, सुकी मासळी, कापडाचे तागे आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या यांनी तो रस्ता भरलेला होता. डाल्स्टन लेनवर १९८५ साली रंगवलेले शांतता मिरवणुकीचे भव्य भित्तिचित्र आहे. त्यातले वाजंत्री आणि त्यांची पितळी वाद्ये पाहत काही वेळ तिथेच थांबलो.

हे संगीत याच शहरात का रुजले, हे समजून घ्यायचे तर १९६० च्या दशकात जावे लागते. १९६५ मध्ये लंडनमध्ये एएमएम हा उत्स्फूर्त वादकांचा गट स्थापन झाला. त्यातला कीथ रो गिटार मांडीवरून उतरवून टेबलावर आडवी ठेवी, तिच्या तारांवर निरनिराळ्या वस्तू घाशी आणि मध्येच रेडिओ लावून त्या क्षणी जे प्रक्षेपण चालू असेल ते वादनात येऊ देई. एडी प्रेव्हो तालवाद्ये वाजवी. पुढच्याच वर्षी तरुण संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू त्यांना येऊन मिळाला. त्याच सुमारास ड्रमवादक जॉन स्टीव्हन्सने वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातल्या एका लहानशा नाट्यगृहात रात्री उशिरा वादने सुरू केली, आणि शेफील्डहून आलेला गिटारवादक डेरेक बेली त्या वर्तुळात सामील झाला. बेलीने पुढे उत्स्फूर्त वादनावर एक पुस्तक लिहिले. त्यात पाश्चात्त्य संगीताच्या आधी भारतीय संगीताचा विचार केलेला आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. मात्र स्वतः बेली ज्या वादनाच्या शोधात होता त्याला राग नव्हता, ताल नव्हता, घराणे नव्हते. कोणत्याही एका परंपरेची बोली न बोलता वाजवायचे, हा त्याचा आग्रह होता.

साडेसातला दार उघडले आणि आठच्या सुमारास पहिले वादन सुरू झाले. एक तरुण वादिका लहानशा टेबलामागे उभी होती आणि तिच्यासमोर फक्त एक मिक्सर, म्हणजे निरनिराळे ध्वनी एकत्र मिसळण्याचे यंत्र, होता. त्याला मायक्रोफोन जोडलेला नव्हता, वाद्यही नाही. मिक्सरमधून बाहेर येणारी केबल तिने परत त्याच मिक्सरच्या आत जाणाऱ्या खाचेत खोचली होती. ही पद्धत टोकियोच्या तोशिमारू नाकामुरा यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नावारूपाला आणली. यंत्राच्या अंगचीच जी अगदी क्षीण खरखर असते, ती फिरून फिरून स्वतःवरच येऊन पडते, वाढत जाते आणि तिचा स्वर बनतो. माझी खुर्ची जवळ असल्यामुळे तिची बोटे नीट दिसत होती. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरलेले बटण ती केसभर फिरवी आणि शिट्टीसारखा तीव्र स्वर एकदम तुटून खर्जात कोसळे. तेच बटण मूळ जागी आणले तरी पहिला स्वर परत येईलच अशी खात्री नसे. आपण काय केले याला यंत्राने दिलेले उत्तर ऐकल्याशिवाय पुढचा निर्णय घेताच येत नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटे तिचे सगळे वादन या ऐकण्यावरच उभे होते. मधला बराच काळ ती हात मागे घेऊन नुसती उभी होती. तो माझ्या मते तिच्या वादनाचा सर्वांत धीट भाग होता.

इलेक्ट्रॉनिक ध्वनी म्हणजे आपल्याकडे कालपरवा आलेली गोष्ट, असा समज अनेकांचा असतो. प्रत्यक्षात १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या साहाय्याने ध्वनी निर्माण करणारे वाद्य, बसवून स्टुडिओ उभारला होता, आणि त्या कामामागे अहमदाबादच्या संगीतकार गीता साराभाई यांची प्रेरणा होती. तिथे भारतीय संगीतकारांनी केलेल्या ध्वनिफिती कित्येक दशके दुर्लक्षित राहिल्या आणि अगदी अलीकडे रसिकांपर्यंत पोहोचल्या. मध्यंतरात काउंटरपाशी शेजारच्या श्रोत्याशी बोलताना मी हे सांगितले, तेव्हा त्या ध्वनिफिती त्याने आधीच ऐकलेल्या निघाल्या. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या वादनात तिघे होते: डबल बास (गजाने वाजणारे खर्जातले मोठे तंतुवाद्य), तालवाद्ये आणि सिंथेसायझर. तिघांनी पूर्वी एकत्र वाजवलेले नव्हते, असे सुरुवातीलाच सांगण्यात आले. तालवादकापुढे एकच ड्रम आडवा ठेवलेला होता आणि त्याच्या कातड्यावर लहानमोठ्या झांजा, धातूची वाटी, लाकडाचे तुकडे असा पसारा होता. त्याने डाव्या हाताने एक झांज मधोमध धरली आणि उजव्या हातातला गज तिच्या कडेवरून वरून खाली ओढला. पहिले क्षणभर फक्त घासल्याचा आवाज आला. मग झांजेच्या आतून कुठून तरी एक लांब, चिरत जाणारा स्वर वर आला आणि बासवादकाने आपला गज त्या स्वराच्या इतक्या निकट आणून ठेवला की दोन्हींच्या मध्ये स्पंदने ऐकू येऊ लागली. तंबोरे जुळवताना जवळजवळ मिळालेल्या दोन तारांमध्ये जी लहर कानाला लागते, ती इथे मुद्दाम न मिटवता पसरू दिली होती. सिंथेसायझरवाला बासचे तुकडे टिपून घेत होता आणि काही सेकंदांनी, विरघळलेल्या रूपात, परत खोलीत सोडत होता. त्यामुळे बासवादकाला स्वतःच्याच जुन्या स्वरांना उत्तर द्यावे लागत होते.

मधला काही भाग मला कमी भावला. तिघेही एकाच वेळी भरभरून वाजवू लागले आणि दहाएक मिनिटे कोणालाच कोणासाठी जागा उरली नाही. पण अशा संगीतात हा धोका पत्करावाच लागतो, आणि त्यातून ते ज्या रीतीने बाहेर आले ते ऐकण्यासाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करीन. आधी सिंथेसायझर थांबला. मग तालवादकाने वाटी हातात घेतली, पण वाजवली नाही. बासचा एकच स्वर उरला, तोही गजाच्या टोकाशी येऊन पातळ झाला.

संपले का? आपल्याकडे भैरवी लागली की मैफल आवरत आली हे सभागृहातल्या शेवटच्या माणसालाही कळते, आणि तिहाई समेवर येताना श्रोत्याची मान तिच्याबरोबरच खाली येते. शेवट कुठे आहे हे गाणारा आणि ऐकणारा दोघांनाही परंपरेने सांगून ठेवलेले असते. इथे तो कोणालाच ठाऊक नव्हता. काउंटरमागच्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती, बासवादकाचा गज अजून तारेवर टेकलेला होता, आणि खोलीतल्या कोणीही टाळी वाजवली नाही. तालवादकाने वाटीवर नखाने एकदाच टिचकी मारली. तेवढ्याने सगळे पुन्हा उघडले आणि आणखी चार-पाच मिनिटांचे अतिशय विरळ, सुंदर वादन झाले. नंतर पुन्हा तशीच शांतता पडली, आणि या वेळी तिघांनीही वाद्ये खाली ठेवली. त्या पहिल्या शांततेत एकाही श्रोत्याने घाई केली असती तर तो उत्तरभाग जन्मालाच आला नसता. उत्स्फूर्त संगीतातली सर्वांत अवघड कला शेवट ओळखण्याची आहे आणि तीत श्रोत्यांचाही वाटा असतो, हे मला त्या खोलीत पटले. ‘वाहवा’ म्हणून वादकाला पुढे ढकलणारी आपल्या बैठकीतली दाद मला जिवाभावाची आहे. इथली दाद म्हणजे टाळी रोखून धरणे.

वादनानंतर तालवादक आपल्या झांजा फडक्यात गुंडाळत असताना मी जाऊन बोललो. ती टिचकी ठरवून मारली का, असे विचारले. वाटी हातात होती आणि ती खाली ठेवली तर आवाज होईल, म्हणून आवाज होणारच असेल तर तो नीट होऊ द्यावा असे वाटले, असे त्याने सांगितले. एडी प्रेव्हो यांनी १९९९ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या साप्ताहिक कार्यशाळेत तो अनेक वर्षे जात होता. तिथे कोणी कोणाला शिकवत नाही, सगळे एकत्र बसून वाजवतात आणि ऐकतात, असे तो म्हणाला.

बाहेर पडण्यापूर्वी ध्वनिमुद्रिकांच्या मांडणीपाशी थांबलो. कॅफेचे स्वतःचे ओटोरोकू हे प्रकाशन २०१२ पासून आहे आणि त्याच्या अनेक मुद्रिका याच खोलीतल्या मैफलींच्या आहेत. मी एक विकत घेतली. लंडनला जाणाऱ्या रसिकांनी कॅफेचा महिन्याचा कार्यक्रम आधी पाहून ठेवावा, नावे अनोळखी असली तरी तिकीट काढावे आणि दार उघडताच आत जाऊन पुढची खुर्ची धरावी. कारण गज झांजेला टेकल्यानंतर स्वर उमटेपर्यंतचा जो क्षणभराचा अवकाश असतो, तो मागच्या रांगेतून दिसत नाही.