तुम्ही विचारलेत म्हणून: फोन कानापासून किती दूर?

कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे शेजारी, नातेवाईक आणि विद्यार्थ्यांचे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात: मोबाईल आणि वायफायच्या लहरी घरभर असताना आपण त्यांच्यापासून बचाव कसा करावा? घाबरण्यासारखे काही नाही, पण फोन अंगापासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवावा, असे माझे उत्तर असते.

या लहरींमध्ये क्ष-किरणांसारखी रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीराचा जवळचा भाग किंचित तापणे. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या 2ब गटात टाकले आणि त्या बातमीची धास्ती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. मात्र याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही. तरीही ज्या सवयींना पैसा लागत नाही त्या लावून घ्याव्यात असे मला मनापासून वाटते, मुलांच्या बाबतीत तर विशेष.

माझी आत्या राजापूर तालुक्यात राहते. जांभ्याच्या जाड भिंतींचे घर, माजघरात फोनला जेमतेम एक काडी रेंज, आणि तिथेच बसून ती मुंबईच्या मुलीशी तासभर बोलत असे. बोलणे संपल्यावर फोन हातात घेतला तर चांगलाच कढत लागे. त्या उष्णतेचा मोठा वाटा बॅटरी आणि आतल्या सर्किटचा असतो हे खरे, परंतु फोन जोर लावतो आहे याची ती खूण असते. टॉवरपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून फोन आपली शक्ती स्वतःच कमी-जास्त करतो. रेंज चांगली असेल तेव्हा तो अगदी थोडक्यावर भागवतो, आणि भिंतीआड, लिफ्टमध्ये किंवा धावत्या गाडीत मात्र वाढवत नेतो. आता आत्या खळ्यात येऊन बसते, फोन वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवते आणि स्पीकरवर बोलते. कानाला चिकटलेला फोन हातभर दूर गेला की शरीरात शिरणारी ऊर्जा झपाट्याने घटते; इतका फरक दुसऱ्या कोणत्याही उपायाने पडत नाही.

फोनवर *#07# दाबले की बहुतेक हँडसेटमध्ये ‘सार’ (SAR), म्हणजे शरीर फोनच्या लहरींची ऊर्जा किती वेगाने शोषते हे सांगणारा आकडा दिसतो. भारतात त्याची मर्यादा 1 ग्रॅम ऊतीमागील सरासरीने 1.6 वॅट प्रति किलो आहे. पण हे मोजमाप फोन पूर्ण शक्तीने चालवून घेतलेले असते, त्यामुळे कमी आकड्याचा फोन शोधत बसण्यापेक्षा रेंज पाहून बोलणे अधिक उपयोगाचे ठरते.

राउटरबद्दल फार बोलण्यासारखे नाही. तो उशाजवळ नसावा, रात्री बंद केला तर उत्तम, मात्र तो बंद करून फोन उशीखाली ठेवणे व्यर्थ आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाकून टेबलावर ठेवावा.

फोनच्या पाठीवर चिकटवायचे ‘रेडिएशनरोधक’ स्टिकर कृपा करून घेऊ नका. अशा स्टिकरने लहरी अडल्याच, तर फोन शक्ती वाढवून ती उणीव भरून काढतो. आणि अडल्या नाहीत, तर पैसे वाया गेलेलेच असतात. टॉवरलाही लोकांचा विरोध असतो, आणि लोकांनी काळजीपोटी प्रश्न विचारणे मला योग्यच वाटते. पण 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि टॉवर लांब गेला की कानाजवळचा फोनच अधिक जोराने प्रक्षेपण करू लागतो, हेही विचारात घ्यायला हवे.

एका बाबतीत मात्र मी आग्रहच धरतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने फोन त्यापासून किमान 15 सेंटीमीटर दूर ठेवावा, कारण फोनच्या लहरींमुळे आणि त्यातील चुंबकांमुळे त्या यंत्राच्या कामात अडथळा येऊ शकतो. गेल्या वर्षी आतोबांना पेसमेकर बसवला, तेव्हा आत्याने त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे डावे खिसे हाताने शिवून बंद केले.