पस्तीसचं द्रावण कायले?

"काऊन भाऊ, आरओच्या पाण्यानं झिरो जुळवला का झालं ना, मंग थे पस्तीसचं द्रावण इकत कायले आनता?" दर्यापूरकडे समुद्री मासे पाळणारे मोजकेच, पण रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून पाण्याचा खारेपणा दाखवणारं यंत्र, हाती आला की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

शून्यावर बसवलेली रेघ शून्याचीच खात्री देते. आपल्याला वाचायचं असतं ३५, म्हणजे किलोभर समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. स्वस्तातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, सल्फेट असं बरंच काही असतं आणि ते प्रकाश जरा जास्त वाकवतं. त्यामुळे शून्य पक्कं असूनही ३५ चं पाणी साडेछत्तीस दाखवतं. मग माणूस साधं पाणी ओतत बसतो आणि टाकी खरी साडेतेहतिसावर येते. म्हणून काचेवर ३५ च्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका, बुडबुडा न राहू देता झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा आणि आत दिसणारी निळ्या-पांढऱ्याची सीमा ३५ वर येईस्तोवर स्क्रू फिरवा. द्रावण घरीही होतं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ, ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी. साधं मीठ प्रकाश कमी वाकवतं, म्हणून ३५ ऐवजी ३६.५. पावसाळ्यात मात्र मीठ आधी कोरडं करा, नाहीतर ओलच तोलली जाते.

शून्य पाहायचंच असेल तर बोअरचं पाणी अजिबात नको. आपला खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं! टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले मिलिग्रॅम क्षार, २००० निघालं, तर लिटरमागे २ ग्रॅम क्षार तिथेच आले.

उन्हाचंही बघा. यंत्रावर एटीसी लिहिलेलं असतं, पण ती तापमानाची भरपाई साधारण १० ते ३० अंशांपुरतीच. मे महिन्यात टिनाखाली ठेवलेलं यंत्र चाळिशीच्या पुढे असतं आणि ते दोन थेंब लगेच काचेइतकेच तापतात. मी तर उन्हाळ्यात यंत्र कूलरच्या खोलीत ठेवतो, जुळवणीही तिथेच, सकाळी. दुपारच्या आकड्यावर माझा भरवसा नाही.

एवढं करूनही कधी ३६ दिसलं तर लगेच स्क्रूला हात लावू नका. आधी काच पुसा, तिच्यावर वाळलेलं मीठ असू शकतं. मग टाकीची पातळी बघा. शंभर लिटरमधलं तीन लिटर आटलं की ३५ चे ३६ होणारच. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. आटलं तेवढं आरओचं पाणी घाला, पंप चालू राहू द्या आणि मग पुन्हा मोजा.