कारीझचे वय काढताना: माझा अनुभव

इराणच्या रझवी खोरासान प्रांतात गोनाबादजवळच्या एका कारीझच्या कालनिश्चितीच्या कामात मी दोन हंगाम होतो. डोंगरपायथ्याचे भूजल हलक्या उताराच्या भुयारातून गावापर्यंत आपोआप वाहत आणणारी ही व्यवस्था; आपल्याकडची औरंगाबादची नहर-ए-अंबरी याच कुळातली. युनेस्कोने २०१६ साली ११ इराणी कारीझ जागतिक वारसा यादीत घेतल्या. आमची मात्र एका लहान गावाची होती.

भुयार म्हणजे पोकळी, आणि पोकळीचे वय मोजता येत नाही. जुने वक्फनामे, म्हणजे धर्मादाय दानपत्रे, पाण्याचा हक्क सांगतात, खोदकामाचे वर्ष नाही. म्हणून खोदताना वर काढलेल्या मातीकडे वळावे लागते. ती भुयारावर ओळीने खोदलेल्या प्रत्येक उभ्या विहिरीच्या तोंडाभोवती कड्यासारखी साचलेली असते. १९६० च्या दशकातील ‘कोरोना’ या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांच्या छायाचित्रांत ही कडी माळेतल्या मण्यांसारखी दिसतात आणि पुढे शेताखाली गेलेल्या काही विहिरी आम्हाला त्यांतच सापडल्या.

ओएसएल (प्रकाशाने चेतवलेली दीप्ती मोजण्याची) पद्धत मातीतल्या क्वार्ट्झच्या कणाला शेवटचे ऊन कधी लागले ते सांगते. गाडल्या गेलेल्या कणात भोवतालच्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते. ऊन लागले की ती निघून जाते. पहिल्या हंगामात मी नमुने ढिगातूनच घेतले, ही माझी चूक होती. खोलातून टोपलीने वर येऊन लगेच ओतल्या गेलेल्या कणांना पुरेसे ऊन मिळालेलेच नव्हते, त्यामुळे वये अवास्तव जास्त आली आणि एकाच ढिगातले दोन नमुनेही जुळेनात.

पुढच्या वर्षी एका वृद्ध मुकन्नीने, म्हणजे कारीझ खोदणाऱ्या कारागिराने, ढिगाच्या छेदातली माती तळहातावर चोळून दाखवली. वरची राखाडी आणि मऊ माती साफसफाईत उपसलेला गाळ होती. खालची, बोचऱ्या खड्यांची, मूळ खोदाईची. तिच्याही खाली एक बारीक, गडद रेघ होती: ढीग पडण्यापूर्वीची जमीन, जी पहिली टोपली ओतली जाईपर्यंत उन्हातच होती. त्या रेघेत काळ्या कापडाखाली पोलादी नळी ठोकली आणि दोन्ही टोके बंद केली. त्याच भोकात किरणोत्सार मोजला व ओलाव्यासाठी वेगळी माती घेतली, कारण पाणी किरणोत्सार शोषते आणि ओलावा चुकला की वयही चुकते. प्रयोगशाळेत लाल दिव्यात क्वार्ट्झ वेगळे करून निळ्या प्रकाशाखाली मोजल्यावर या वेळी वये एकमेकांशी जुळली.

पाणी बाहेर पडते त्या मुखाजवळच्या विहिरीपेक्षा मातृविहीर, म्हणजे डोंगराकडची शेवटची विहीर, मात्र बरीच अलीकडची निघाली. पाण्याची पातळी खाली गेली की भुयार डोंगराकडे वाढवतात, हे मुकन्नीने आधीच सांगितले होते. त्यामुळे नोंदपत्रकात आम्ही संपूर्ण कारीझचे एकच वय लिहिले नाही. नमुना घेतलेल्या प्रत्येक विहिरीपुढे तिचे स्वतंत्र वय आणि त्याची त्रुटीमर्यादा लिहिली.