लॉगिन होतं, डिस्क दिसते, पण वाचता येत नाही

सर्व्हर स्टोरेजपर्यंत पोहोचतच नसेल तर फार डोकं चालवावं लागत नाही. केबल, पोर्ट, आयपी, व्हीएलॅन, यांत कुठेतरी घोळ असतो आणि तासाभरात तो सापडतो. त्या शनिवारी रात्री मात्र सर्व्हर पोहोचत होता. पिंगला उत्तर येत होतं, स्टोरेज अ‍ॅरेवर (म्हणजे अनेक डिस्क असलेल्या पेटीवर) लॉगिन होत होतं, डिस्क दिसत होत्या आणि त्यांचे आकारही बरोबर होते. त्यांतलं काहीच वाचता येत नव्हतं, एवढीच अडचण होती.

सर्व्हर एका रुग्णालयाचा होता. सीटी, एमआरआय, एक्स-रे यांच्या जुन्या-नव्या सगळ्या प्रतिमा त्याच्यामार्फत उघडतात. त्यावरच्या जुन्या लिनक्सला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं होतं, म्हणून नवी आवृत्ती टाकायचं ठरलं. ऑपरेटिंग सिस्टिम सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर होती. प्रतिमा अ‍ॅरेवर होत्या आणि सर्व्हर तिथे आयस्कझीने, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरण्याच्या पद्धतीने, जोडलेला होता. दोन नेटवर्क पोर्ट, दोन वेगळे स्विच, अ‍ॅरेचे दोन कंट्रोलर. एक बाजू गेली तर दुसरी चालावी अशी रचना. अपग्रेड छान झालं, सर्व्हर वर आला आणि प्रतिमांचा व्हॉल्यूम काही माउंट होईना, म्हणजे वापरात घेता येईना. स्टोरेजचं काम माझ्याकडे असल्याने फोन मला आला.

रात्र असली तरी रुग्णालयाचं काम थांबत नाही. नवे स्कॅन होत होते आणि ते तात्पुरते सीटी मशीनच्याच डिस्कवर साठत होते. पण ती जागा मर्यादित असते. त्याहून वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण आला, तर आजच्या स्कॅनशेजारी ठेवायला मागचा स्कॅन डॉक्टरांना मिळणार नव्हता. हे डोक्यात असलं की लॉगमधली प्रत्येक ओळ वेगळ्या नजरेने वाचली जाते.

लक्षणं अशी होती. अ‍ॅरेचा ३२६० हा पोर्ट उघडत होता. डिस्कव्हरी केली की टार्गेटची, म्हणजे जोडता येण्याजोग्या स्टोरेजची, यादी येई, लॉगिन यशस्वी होई, आणि डिस्कच्या यादीत आमचे लन (सर्व्हरला नेमून दिलेल्या डिस्क) अचूक आकारासह दिसत. पण पार्टिशन बघायला एफडिस्क चालवलं की तो तिथेच अडके. स्टोरेजकडे जाणारे मार्ग सांभाळणारा मल्टिपाथ आधी सगळे मार्ग ठीक आहेत म्हणे, थोड्या वेळाने ते फेल दाखवी आणि मग पुन्हा ठीक. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये तोच क्रम फिरत होता: ५ सेकंदांत पिंगला उत्तर नाही, कनेक्शन एरर १०२२, सेशन तुटलं, सेशन परत जोडलं. दोन्ही बाजूंना हेच.

अशा वेळी पहिला संशय इनिशिएटरच्या, म्हणजे स्टोरेज मागणाऱ्या सर्व्हरच्या, नावावर जातो आणि तो रास्त असतो. नवी सिस्टिम टाकली की आयस्कझीचं नाव, म्हणजे आयक्यूएन, नव्याने तयार होतं. अ‍ॅरे जुन्या नावाला ओळखतो, नव्याला लन दाखवत नाही. पण आमच्या सहकाऱ्याने जुनं नाव जपून नव्या सिस्टिममध्ये ठेवलं होतं. शिवाय नाव चुकलं असतं तर लन दिसलेच नसते. फायरवॉलही याच न्यायाने बाद झाला. मग नेटवर्क कार्डाचा नवा ड्रायव्हर राहिला. कार्डाकडे सोपवलेली पॅकेट जोडण्या-तोडण्याची कामं एकेक बंद करून पाहिली. काही फरक पडला नाही.

इथे रोलबॅकचा विषय निघाला. "सर, जुनी इमेज टाकूया. काल रात्रीपर्यंत सगळं चालत होतं, म्हणजे बिघाड अपग्रेडमध्येच आहे," सहकारी म्हणाला. त्याच्या म्हणण्यात चूक काही नव्हती आणि जुनी इमेज टाकली असती तर प्रतिमा नक्की उघडल्या असत्या. तरी मी तासाभराची मुदत मागून घेतली. कारण असं, की लक्षणांमध्ये एक धागा दिसत होता. लॉगिनचा संवाद काही शे बाइटांचा. डिस्क कोणती, हे विचारलं की शंभरेक बाइटांचं उत्तर येतं. आकार विचारला तर त्याहून लहान. मल्टिपाथ मार्ग जिवंत आहे का हे तपासतो तेव्हा टेस्ट युनिट रेडी ही कमांड पाठवतो आणि तिच्या उत्तरात डेटा नसतोच, फक्त स्थिती असते. चालत होतं ते सगळं छोटं होतं. अडकत होतं ते पहिलं खरं वाचन.

मग एका पोर्टवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट टिपणारा प्रोग्राम, लावला आणि डिस्कवरचा एकच ब्लॉक वाचायला सांगितला. वाचनाची कमांड गेली. अ‍ॅरेकडून ती मिळाल्याची पोच आली. डेटा आला नाही. त्यानंतर सर्व्हरने आपली नेहमीची आयस्कझी पिंग पाठवली आणि अ‍ॅरेने तिला ४८ बाइटांचं उत्तरही दिलं. ते उत्तर सर्व्हरच्या कार्डापर्यंत पोहोचलेलं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. तरीही कर्नल म्हणत होता की पिंगला उत्तर नाही.

आयस्कझी ज्यावर चालतं तो टीसीपी हा प्रोटोकॉल मधला तुकडा गाळून पुढचा कधीच वर देत नाही. आधीचे बाइट आले नाहीत तोवर नंतरचे आलेले बाइट तसेच थांबून राहतात. सर्व्हर अ‍ॅरेला पुन्हा पुन्हा तेच कळवत होता: इथपर्यंत मिळालं, मधे भोक आहे, भोकाच्या पुढचे ४८ बाइट आलेत. त्या भोकाची लांबी मी वजाबाकी करून काढली. ४१४४ बाइट.

हा आकडा पाहिल्यावर मला पुढचं फारसं शोधावं लागलं नाही. ४०९६ बाइट हा वाचलेला ब्लॉक आणि ४८ बाइट हे आयस्कझीचं हेडर, बेरीज ४१४४. अ‍ॅरेने ब्लॉक दिला होता, तो एकाच मोठ्या पॅकेटमध्ये घालून पाठवला होता, आणि तेवढंच पॅकेट वाटेत गायब होत होतं. कनेक्शनच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी आपापली मोठ्यात मोठ्या तुकड्याची मर्यादा सांगितली होती, ८९६०. म्हणजे हेडरचे ४० बाइट धरून दोघांचंही एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) ९००० होतं आणि दोघंही एकमेकांना मोठी पॅकेट खुशाल पाठवत होते.

खात्रीसाठी साधी पिंगच पुरते, फक्त ती मोठी हवी आणि वाटेत तुकडे करू नका अशी खूण तिच्यावर हवी. ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि पिंगच्या आयसीएमपी हेडरचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. ८९७२ बाइटांची पिंग: उत्तर नाही. १४७२ ची: लगेच उत्तर. १४७३: उत्तर नाही. सीमा बरोबर १५०० वर होती. आणि ज्या पॅकेटला उत्तर नव्हतं त्याबद्दल कुठून तक्रारही येत नव्हती. मधे राउटर असता तर पॅकेट मोठं आहे असा निरोप त्याने परत धाडला असता. फ्रेम (पॅकेट ज्यात घालून जातं ते पाकीट) नुसत्या पुढे ढकलणारा लेयर टू स्विच असा निरोप देत नाही. त्याला फ्रेम मोठी वाटली की तो ती टाकून देतो आणि आपल्या पोर्टवरचा एक आकडा वाढवतो, बस.

नेटवर्क सांभाळणाऱ्या मॅडमना उठवलं. त्या लगेच लॉगिन झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, दोन्ही स्विचवर ९००० आहे. कॉन्फिग माझ्यासमोर उघडं आहे." तसं ते खरंच होतं, त्यांनी स्क्रीन दाखवली. ओळ स्पष्ट होती. मी म्हटलं, "मॅडम, सर्व्हरच्या पोर्टचे काउंटर बघता का? मी इथून मोठी पिंग चालू ठेवतो." त्यांनी बघितलं आणि जरा वेळ काही बोलल्या नाहीत. जायंट्स नावाचा काउंटर माझ्या प्रत्येक पिंगसोबत एकाने वाढत होता. मग त्यांनी कॉन्फिग सोडून चालू स्थिती दाखवणारी कमांड दिली. चालू एमटीयू १५०० होतं आणि खाली लिहिलं होतं की पुढच्या रीलोडनंतर ते ९००० होईल.

काही स्विचना जंबो फ्रेमची, म्हणजे १५०० हून मोठ्या फ्रेमची, सेटिंग पूर्ण स्विचला मिळून एकच असते आणि ती रीस्टार्ट झाल्यावरच लागू होते. कोणीतरी फार पूर्वी ती ओळ लिहिली होती, जतनही केली होती. स्विच मात्र त्यानंतर कधी बंदच झाले नव्हते. चांगले स्विच, अखंड वीज, अनेक वर्षांचा अपटाइम. सेटिंग तेवढीच वर्षं पुढच्या रीलोडची वाट पाहत होती.

मग काल रात्रीपर्यंत हे चालत कसं होतं? सहकाऱ्याने हा प्रश्न विचारला तेव्हा मला बरं वाटलं, कारण हे कळल्याशिवाय काम पुरं झालं असं मी मानलंच नसतं. जुन्या सिस्टिमच्या बॅकअपमधून नेटवर्कच्या फाइली काढल्या. एमटीयू ९००० ही ओळ तिथे होती, पण आता अस्तित्वात नसलेल्या इंटरफेसच्या फाइलमध्ये. मधे कधीतरी कार्ड बदललं गेलं, इंटरफेसचं नाव बदललं, आयपी नव्या फाइलमध्ये आला आणि एमटीयूची ओळ जुन्या फाइलमध्येच राहिली. त्यामुळे जुना सर्व्हर १५०० वरच चालत होता. त्याने कनेक्शन करताना १४६० ची मर्यादा सांगितली की अ‍ॅरे स्वतः ९००० वर असला तरी त्याहून मोठं काही पाठवत नसे. सर्व्हरवर निघालेली ओळ आणि स्विचवर न लागलेली ओळ, दोघींनी मिळून एकमेकींना झाकलं होतं. सहकाऱ्याने नव्या सिस्टिममध्ये डिझाइनच्या कागदाप्रमाणे ९००० लिहिलं. त्याने सर्व्हर दुरुस्तच केला होता. रोलबॅकने तो पुन्हा बिघडवला असता आणि आम्ही सगळ्यांनी अपग्रेडला नावं ठेवली असती.

आता दोन वाटा होत्या. स्विच तिथल्या तिथे रीलोड करायचे, किंवा सर्व्हर तात्पुरता १५०० वर आणायचा. त्या स्विचवर इतर सर्व्हरही होते आणि त्यांचे दोन्ही मार्ग धड आहेत की नाही हे त्या क्षणी कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. मी सर्व्हर १५०० वर आणायला सांगितलं. त्यातही एक बारीक गोष्ट असते: चालू कनेक्शनवर नुसतं एमटीयू कमी करून भागत नाही. ८९६० ची मर्यादा कनेक्शनच्या सुरुवातीलाच ठरलेली असते, अ‍ॅरे तिच्याच भरवशावर पाठवत राहतो. सेशन तोडून पुन्हा जोडायला हवीत. आमच्याकडे अडकून पडलेल्या प्रक्रियाही बऱ्याच होत्या, म्हणून फाइलमध्ये १५०० लिहून सर्व्हरच रीस्टार्ट केला.

सगळे मार्ग आले आणि टिकले. व्हॉल्यूम आधी फक्त वाचण्यापुरता माउंट केला. प्रतिमांच्या नोंदी आणि प्रत्यक्ष फाइली यांची पडताळणी झाल्यावरच लिहिण्याची परवानगी दिली. रेडिऑलॉजीच्या रात्रपाळीतल्या तंत्रज्ञांना फोन लावला, त्यांनी एक जुना सीटी उघडला. सीटीची एक स्लाइस म्हणजे ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल, प्रत्येकाला दोन बाइट, सुमारे अर्धा एमबी. तीनशे साठ छोटी पॅकेटं एका स्लाइसला. "दिसतंय सर, पूर्ण सिरीज आली," ते म्हणाले, आणि मशीनवर अडकलेले स्कॅन पाठवायला सुरुवात केली.

स्विचच्या रीलोडसाठी नंतर रीतसर वेळ घेतली. आधी प्रत्येक सर्व्हरचे दोन्ही मार्ग तपासले. एका सर्व्हरचा दुसरा मार्ग मेलेलाच निघाला, त्या रात्री घाई केली असती तर तो पूर्ण बंद पडला असता. नव्या सर्व्हरवर सेशन तुटल्यावर वाट पाहण्याची मुदत मूळच्या १२० सेकंदांवर होती. मल्टिपाथ असताना इतकं थांबणं म्हणजे दुसरा मार्ग समोर असून दोन मिनिटं गोठून बसणं, म्हणून ती १५ केली. मग एक स्विच रीलोड, सगळे मार्ग परत आल्याची खात्री, आणि त्यानंतरच दुसरा. त्यानंतर सर्व्हरचं एमटीयू पुन्हा ९००० केलं आणि दोन्ही बाजूंनी ८९७२ च्या पिंगला उत्तर येतं याची खात्री केली.

मॅडमनी आणि मी मिळून देखरेखीत एक तपासणी वाढवली: प्रत्येक सर्व्हरवरून, प्रत्येक स्टोरेज पोर्टमधून, तुकडे न करण्याच्या खुणेसह ८९७२ बाइटांची पिंग, ठरावीक अंतराने. जंबो फ्रेम इथरनेटच्या मूळ मानकात नाहीत, प्रत्येक उत्पादक त्या आपापल्या पद्धतीने हाताळतो, त्यामुळे इथे लिहिलेल्यापेक्षा मोजलेलं महत्त्वाचं. पहिल्याच फेरीत आणखी एक सर्व्हर सापडला. त्याच्या एका पोर्टवर ९००० होतं, दुसऱ्यावर १५००. त्याचं काम पुढच्या देखभालीच्या यादीत घातलं.